तुमच्या डोळ्यांनी पाहिलेला निळा रंग

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा चेहरा आठवायला गेलो तर मधेच माझ्या बापाचा चेहरा येतो. सकाळपासून हे लिहायला बसलो आहे आणि दोनदा उठून आलो, एकदा दाराची कडी पाहायला आणि एकदा उगाचच. सुनेनं विचारलं, "बाबा, कोनाले लिहून राहिले?" मी म्हटलं, पेन्शनचा अर्ज आहे. म्हणजे सुरुवातच खोट्यानं झाली. मी तुमच्याशीही एक खोटं बोललो होतो, अमरावतीच्या एका विहिरीच्या पाण्याबद्दल. त्या खोट्यामुळे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा घालवून बसलात. ते आज लिहून टाकायचं आहे. सातवी नापास माणसाचं अक्षर आहे, तुम्ही असता तर लाल पेन्सिल घेऊन बसला असता.

अकोल्याच्या त्या प्रयोगशाळेत मी शिपाई म्हणून लागलो तेव्हा माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. तुम्ही शाळेतली नोकरी सोडून आला होता, म्हणून सगळे तुम्हाला मास्तरच म्हणत. काम पाणी तपासण्याचं. लोकांना वाटे इथं पाण्यातले जंतू पाहतात. तुम्ही पाहत होता पाण्यात विरघळलेलं तांबं, शिसं, जे डोळ्याला दिसत नाही आणि जिभेलाही पुष्कळदा कळत नाही. मला पहिल्या दिवशी तुम्ही बाटल्या धुवायला लावल्या. मी घरच्या सवयीनं चिंच आणि राख घेऊन बसलो. तुम्ही पाहिलं आणि म्हणालात, "काहून रे, देवाची भांडी घासून राहिला का तू?" मग शेजारी उकिडवे बसून तुम्ही स्वतः शिकवलंत: आधी तेजाबाचं पाणी, मग साधं, मग ऊर्ध्वपातनाचं, आणि विहिरीवर गेल्यावर त्याच विहिरीच्या पाण्यानं तीनदा खळबळून घ्यायची. पाणी काढायचं ते फक्त आपल्या तामचिनीच्या, काचेचा मुलामा दिलेल्या लोखंडी बादलीनं, तिचा टवका उडालेला नको. दुसऱ्याचं भांडं विहिरीत सोडायचं नाही, दुसऱ्याच्या भांड्यातलं पाणी घ्यायचं नाही. "बाटलीच चुकली त मंग मी इथं बसून काय करून राहिलो? भांड्याचंच पानी मोजीन ना."

अमरावतीची ती विहीर एका भिक्षुकाच्या घराच्या मागच्या आवारात होती. भिंतीपलीकडे पानमळा, आणि मळेवाला वेलींवर मोरचूद मारायचा. त्या घरात दोन-तीन जणांना मळमळ, पोटदुखी सुरू झाली होती, म्हणून अर्ज आला. मोरचूद म्हणजे तांबंच, ते झिरपून विहिरीत उतरलं असेल असा तुमचा संशय. मी बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला गेलो, बाटल्यांची पेटी मांडीवर. डब्यात एका पागोटेवाल्यानं विचारलं, "काय हाय बाप्पा, रॉकेल?" मी म्हटलं, रिकाम्या बाटल्या आहेत, पाणी भरून आणायचं आहे. "अकोल्यात पानी नाही काय?" म्हणून सगळा डबा हसला. मला ते लागलं. मला तेव्हाही सगळंच लागायचं.

घरात एक म्हाताऱ्या बाई होत्या, सोवळ्यातल्या. माझी बादली पाहून त्यांनी हात आडवा केला. "तामचिनी माझ्या विहिरीत घालायची नाही बाबा. देवाचं पाणी आहे." मी सरकारी कागद दाखवला. त्या म्हणाल्या, "कागदाला सोवळं कळतं का?" मग मला ओट्यावर बसवलं, गूळ दिला, तांब्याच्या घागरीतलं पाणी वरून ओतून ओंजळीत प्यायला दिलं. घागर नुकती चिंचेनं घासल्यासारखी लालबुंद चमकत होती. "हे घे की. विहिरीचंच आहे, पहाटे भरलंय. याहून स्वच्छ भांडं तुमच्या कचेरीत असेल तर सांग." ऊन चढलं होतं, बडनेऱ्याची गाडी चुकेल अशी धास्ती होती. तांब्याचं भांडं सगळ्यांत शुद्ध असं मी आईच्या तोंडून जन्मभर ऐकलेलं. नियम त्या घटकेला लक्षातच आला नाही. त्यांनी घागर कलती केली आणि मी बाटली खाली धरली. परतल्यावर वहीत 'पाणी कशाने काढले' या रकान्यात रोजच्यासारखं 'बादली' असं लिहिलं.

ते पाणी तुम्ही चिनी मातीच्या वाडग्यात आटवलंत. खिडकीशी पांढरा कागद, त्यावर ओळीनं काचेच्या नळ्या, प्रत्येकीत ठरावीक तांबं घातलेलं, फिक्या निळ्यापासून गडद निळ्यापर्यंत. तुम्ही आपल्या नळीत नवसागराच्या वासाचं ते औषध घातलंत आणि रंग उमटला. तुम्ही एक डोळा मिटून वरून पाहत होता. निळा इतका गडद होता की पुसायचा बोळा घेऊन मागे उभ्या असलेल्या मलाही दिसला. तुम्ही खूश झालात असं नाही, पण तुमचा संशय खरा ठरला होता. वरच्या कचेरीला पत्र गेलं, विहिरीवर एक घागर जाईल एवढीच फट ठेवून फळ्या ठोकल्या, मळेवाल्याला मोरचूद बंद करायला सांगितलं. पिण्याचं पाणी ते लांबून आणत, बाकीचं आणवेना, म्हणून तुम्ही स्वयंपाकाच्या आणि वापरायच्या पाण्यासाठी उपाय लिहून दिलात: माठात चुन्याची निवळी टाका, ढवळा, रात्रभर ठेवा, तांबं तळाला बसतं, मग वरचं पाणी वाळूतून गाळून घ्या. मला दाखवायला तुम्ही बरणीत ते करून दाखवलं होतं. निळसर कापसासारखं काहीतरी हळूहळू खाली उतरलं आणि वर पाणी नितळ झालं. "पाह्य," तुम्ही म्हणालात, "निघते. टाकलेलं सारं निघते, फक्त दम धरा लागते."

मोरचूद बंद झाल्यानं त्या वर्षी मळेवाल्याचे वेल रोगानं करपले. त्यानं तक्रार केली की विहीर एकदाच तपासली, पुन्हा तपासा. तुम्ही म्हणालात, बरोबर आहे त्याचं, मी स्वतः येतो. मला त्या दिवशी सकाळी जेवण गेलं नाही. फळ्या काढल्या, तुम्ही विहिरीवर ओणवे झालात आणि आपली बादली आत सोडलीत. बाई दारात उभ्या होत्या. "सोडा, विहीर आता विटाळलीच आहे," म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "मागच्या खेपेला मी याला घालू दिली नव्हती हो बादली." तुमचं डोकं विहिरीच्या काठाच्या आत होतं, रहाट करकरत होता. वर येऊन तुम्ही मला विचारलंत, "काय म्हनल्या रे बाई?" मी म्हणालो, "चुन्याच्या पान्यानं जीभ खरखरते म्हनतात." तुम्ही त्यांना हात जोडून म्हणालात, "चुना थोडा कमी टाका बाई." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. मग आत निघून गेल्या. मला वाटतं त्यांनी माझ्यावर दया केली, किंवा त्यांना ते महत्त्वाचं वाटलं नसेल. कोण जाणे.

या खेपेच्या पाण्याच्या नळीत रंग आलाच नाही. तुम्ही तीनदा केलंत. मोरचूद थांबलं तरी एवढं तांबं इतक्यात विहिरीतून जात नाही, म्हणालात. मग वही उघडून पहिल्या नोंदीवर बोट ठेवून विचारलंत, "पानी आपल्याच बादलीनं काढलं होतं ना?" हो म्हणायला मला श्वासाइतकाही वेळ लागला नाही. तुम्ही मान हलवलीत. माझ्यावर तुमचा इतका भरवसा की संशय घ्यायला एकच माणूस उरला, तुम्ही स्वतः. तुम्ही वहीत लिहिलंत: पहिल्या तपासणीत रंगाची पारख चुकली, चूक माझी. खाली सही. वरचा साहेब आला, सगळ्यांसमोर म्हणाला, "चष्मा बदला मास्तर, नाही तर काम बदला." मी तिथंच बाटल्या पुसत होतो. एक बाटली मी इतकी पुसली की तिची चिठ्ठी निघून आली.

आणि मास्तर, घागरीचं तेव्हा सांगितलं असतं तर ते तांबं विहिरीचं नाही, घागरीचं आहे हे तुम्हाला क्षणात कळलं असतं. त्या घरात ताकही कल्हई उडालेल्या तांब्याच्या भांड्यात ठेवत, हे मला पुढं कळलं. मळमळीचं कारण विहिरीत नव्हतंच, स्वयंपाकघरात होतं. विहीर उघडली तरी त्यांची पोटदुखी चालूच राहिली आणि पुन्हा कोणी अर्ज केला नाही, कारण एकदा चुकलेल्या कचेरीला कोण विचारतो.

त्यानंतर तुम्ही प्रत्येक नळी मला दाखवायला लागलात. "तुले कोनती वाटते?" मी सांगायचो, आणि ती तुम्ही आधीच मनात धरलेलीच असायची, पण तुम्ही माझ्या तोंडून ऐकल्याशिवाय लिहीत नसा. सातवी नापास माणसाला विचारून. पुढं तुम्ही ते कामच सोडलंत, कोपऱ्यातल्या टेबलावर पत्रांची नक्कल करत बसायला लागलात. मी जाता-येता चहा ठेवायचो. तुम्ही कधी मला कमी-जास्त बोलला नाहीत. बोलला असता तर बरं झालं असतं.

शेवटचा भेटलो तेव्हा तुम्ही खाटेवर होता. उशाशी औषधाची बाटली होती, ती तुम्ही उजेडात धरलीत. "निळी हाय का हिरवी रे?" मी म्हटलं, निळी. तुम्ही म्हणालात, "मलेही निळीच दिसते. पन माह्या डोळ्यांवर काय भरवसा." तुम्ही हसलात. मी तेव्हाही बोलू शकलो असतो. बाहेर तुमचा मुलगा पाटावर बसून पोळी खात होता, तुमच्या घरच्या काकू त्याला वाढत होत्या, खोलीत आपण दोघंच होतो. मी बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालो. गाडीला अजून दोन तास होते.

तुमचे डोळे बरोबर होते मास्तर. पहिल्या दिवशीही आणि त्या औषधाच्या बाटलीपर्यंत. तांबं त्या नळीत होतंच, तुम्ही पाहिलं तेवढंच होतं.

हा कागद कुठं ठेवावा तेही कळत नाही. सुनेच्या हाती लागेल, मग ती विचारेल. बहुतेक चुलीत घालीन, म्हणजे आता चूल नाही, पण कुठंतरी. त्याआधी एक दुरुस्ती करतो. वर मी लिहिलं की नियम त्या घटकेला लक्षात आला नाही. तो आला होता. तुमचा आवाजच ऐकू आला होता, दुसऱ्याच्या भांड्यातलं घ्यायचं नाही म्हणून. पण त्या बाईंनी मला ओट्यावर बसवलं होतं, गूळ दिला होता, आणि सरकारी माणूस म्हणून नव्हे तर घरी आलेला माणूस म्हणून विचारपूस केली होती. गाडीतले लोक मला हसल्यानंतर दोन तासांनी. मला त्यांच्याशी वाद घालणं जमलं नाही. एवढंच होतं ते.