इंग्रजी एक ते इंग्रजी सहा

आई,

"हे कुणाला सांगू नकोस गं," असं तू त्या दिवशी दुकानात म्हणालीस आणि मी मान डोलावली. तेव्हा मी सातवीत होते. पुढे ती गोष्ट मी नाशिकला सांगितली, पुण्याला सांगितली, जिथे जिथे मला संगीतावर बोलायला बोलावलं तिथे तिथे सांगितली. लोक दर वेळी हसले. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तुला कुठून कळणार, असं वाटायचं. गेल्या रविवारी मात्र मी ती आपल्या जव्हारमध्येच सांगितली, आणि तेव्हापासून मला आरशात नीट बघवत नाही.

आपलं दुकान म्हणजे बाजारातली एक खोपटी, एक जण बसला तर दुसऱ्याने उभं राहावं अशी. बाहेर पाटी, 'गाणी भरून मिळतील'. बाबा मोखाड्याला पंचायत समितीत जायचे आणि तू दिवसभर गिऱ्हाइकांच्या पसंतीची गाणी कोऱ्या कॅसेटवर भरत बसायचीस. कापसाला स्पिरिट लावून टेपरेकॉर्डरचं हेड पुसायचीस. इंजेक्शन घेताना तो वास आला की मला अजूनही दवाखाना आठवत नाही, तू आठवतेस. एक गाणं संपलं की वाजणारी कॅसेट थांबवायची, भरणारी चालू ठेवायची, तेवढ्यात एकदा 'श्रीराम जय राम जय जय राम' म्हणायचं आणि मग पुढचं गाणं सोडायचं. तेवढी मोकळी जागा राहिलीच पाहिजे, हा तुझा नियम. शेजारचे शिंपीकाका चिडवायचे, "वहिनी, तुमच्या कॅसेटीत गाण्यांपेक्षा रामच जास्त भरलाय." तू मान वर न करता म्हणायचीस, "तो फुकट आहे, घ्या."

सरकारी दवाखान्यात बदलून आलेल्या डॉक्टरांनी एक इंग्रजी कॅसेट आणून दिली. भावाला पाठवायला त्यांना तिची दुसरी प्रत हवी होती. दुपारची वेळ आहे, मी तुझ्या पायाशी बसून गणितं सोडवते आहे, तू ऐकते आहेस. आधी चर्चमधल्या पेटीसारखा घुमणारा आवाज, मग मध्येच बासरी, मग पियानो, मग ढोल असे की वरातीचे वाजंत्री रस्ता चुकून दुसऱ्याच गल्लीत शिरलेत. तुझ्या कपाळाला आठी पडते. "कुणीतरी सगळी गाणी एकात एक घुसवून ठेवलीत बघ. भला माणूस आहे, फसवलं त्याला." आणि तू ते नीट करायला घेतेस. चाल बदलली की थांबवतेस, रामाचं नाव घेतेस, पुढे जातेस. कॅसेटची अख्खी बाजू व्यापणाऱ्या त्या एका रचनेची तू सहा गाणी केलीस आणि पुठ्ठ्यावर तुझ्या गोल अक्षरात लिहिलंस, इंग्रजी एक, इंग्रजी दोन, असं सहापर्यंत.

डॉक्टर बाजाराच्या दिवशी परत आले ते हसतच. "अहो बाई, हे एकच गाणं आहे!"

"एकच? एवढं?"

"असंच असतं ते."

"मग मधेच बासरीवाला निघून कुठे जातो?"

त्यांना उभं राहवेना. डोळे पुसत त्यांनी दुकानाच्या फळीला हात टेकला. बाहेरची गिऱ्हाइकं हसली, शिंपीकाका हसले, आणि आई, मीही हसले. तू त्यांना नवी कॅसेट भरून दिलीस, या वेळी कुठेही न थांबवता. ते गेल्यावर भर बाजारात शटर अर्धं ओढलंस आणि मला ते वाक्य म्हणालीस.

चुकलेली कॅसेट घरीच राहिली. ती मी फीत पातळ होईपर्यंत ऐकली, आणि तिच्यामागून चालत चालत या संगीतापर्यंत पोहोचले. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला. साठचं दशक सरता सरता इंग्लंडमधली विशीतली पोरं तीन मिनिटांच्या गाण्याला कंटाळली होती. कुणी लहानपणी चर्चमध्ये गायलेलं, कुणी घरच्यांनी पियानोच्या शिकवणीला बसवलेलं, कुणाला जॅझचा नाद, कुणी गावाकडच्या जुन्या चाली ऐकत वाढलेलं, कुणाच्या कानावर आपली सतार पडलेली. मोठ्या तबकडीच्या एका बाजूवर वीस-वीस मिनिटं मावतात म्हटल्यावर त्यांनी कानात साठलेलं सगळं एकाच रचनेत आणलं. त्यांच्याकडे मेलोट्रॉन नावाचं एक वाद्य होतं, तुला आवडलं असतं. दिसायला पेटी, पण प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत, तिच्यावर व्हायोलिनचे सूर आधीच भरून ठेवलेले. फीत काही सेकंदांची. ती संपली की सूर संपतो आणि बोट उचलावंच लागतं. हे सगळं मी फार छान समजावते, असं लोक म्हणतात. दुसऱ्यांचं संगीत कुठून आलं हे सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. "तुम्हाला याची गोडी कुठे लागली?" असं कुणी विचारलं, की मी म्हणते, एका मैत्रिणीच्या काकांकडे तबकड्या होत्या. असे काका कुणालाच नव्हते.

आणि मग लोक कंटाळलेत असं वाटलं की मी तुझी गोष्ट काढते. "आमच्या भागात कॅसेट भरून देणाऱ्या एक बाई होत्या." एक बाई. तुला दिलेला शब्द निदान अर्धा तरी पाळला, असं मी स्वतःला समजावत आले. पण तू गोष्ट लपवायला सांगितली होतीस. मी गोष्ट सांगितली आणि तुला लपवलं.

रविवारी वाचनालयात मी नेहमीसारखी तिथवर आले, 'बासरीवाला' म्हणाले, लोक हसले. मागच्या बाकावरचा एक म्हातारा उभा राहिला. जवळच्या साखरशेत गावचा, मुलाच्या कामासाठी जव्हारला आला होता आणि सावली पाहून आत बसला होता. "ही गोठ त्या कॅसेटवाल्या बायची ना? माझे लग्नाची कॅसेट तिनंच भरलेली. तू तिची पोर ना, बाय? तोंड तसाच हाय."

सगळे माझ्याकडे वळले. मी ग्लास उचलला, पाणी प्याले आणि म्हणाले, "नाही हो. ओळखीच्या होत्या."

"मंग माझीच चूक," असं म्हणून तो खाली बसला. त्यालाच ओशाळल्यासारखं झालं होतं, आई. मी पुढे जॅझवर बोलले.

बाहेर पडले तर तो पायरीवर थांबलेला. माझ्याशी बोलू की नको, असा. "वळखीची हाय म्हनलीस ना तू," तो म्हणाला, "मंग भेटली त सांग तिला. कॅसेट अजून वाजते. दोन गान्यांच्या मधी जागा ठेवायची ती बाय. नाचनारा तेवढ्यात पानी प्यायचा." तू गेलीस हे त्याला माहीत नव्हतं. तेही मी सांगितलं नाही. "सांगते," म्हणाले.

म्हणून हे लिहिते आहे. हा त्याचा निरोप, तुला पोहोचवला. हा कागद कुठे जाणार नाही हे मलाही कळतं. परवा साखरशेतला जाऊन त्याला खरं सांगावं म्हणून जीपपर्यंत गेले होते. माणसं भरेपर्यंत आत बसले आणि जीप सुटायच्या वेळी उतरले.

ती रचना मी आता अखंड ऐकते. पण तू जिथे जिथे थांबवलंस तिथे माझ्या तोंडात अजूनही रामाचं नाव येतं. एकाही व्याख्यानात मी हे बोललेले नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावणं आहे. तुला शटर ओढताना मी पाहिलंय, त्यामुळे तू नकोच म्हणशील. "मेल्यावर तरी माझं हसं करू नकोस," असंच म्हणशील. तरी विचारते. ती गोष्ट मला अजून एकदा सांगू दे, आणि या वेळी सुरुवातीलाच 'माझी आई' म्हणू दे.