आधी माझी पेटी

प्रिय अरू,

तुला पत्र लिहायची सवय अजून गेलेली नाही. पूर्वी पाकिटावर सैनिकी डाकेचा पत्ता घालायचे, आता कुठला घालू? तरी आज लिहायलाच हवं. उद्या सकाळी मी तुझी पेटी उघडणार आहे, आणि तुला न विचारता तुझ्या वस्तूला हात लावायचं धाडस मला कधीच झालं नाही.

पेटी बाहेरच्या खोलीत खिडकीखाली आहे. तिच्यावरचं पांढरं नाव तू इथेच, बोरिवलीच्या गॅलरीत बसून रंगवलं होतंस, शांतिसेनेबरोबर लंकेला निघायच्या आधी. रंगाचा एक थेंब फरशीवर पडला होता. तो घासूनही जात नाही, आणि आता मी घासतही नाही. तुझा अस्थिकलश आणि ही पेटी एकदमच घरी आली. आणून देणाऱ्या जवानांनी पेटीलाही सॅल्यूट केला. आई म्हणाली, तेरावं होईपर्यंत हिला हात लावायचा नाही.

गेल्या सुट्टीत आपण आईला घेऊन मनोरीला निघालो होतो, आठवतं? मार्वेच्या धक्क्यावर कोळणी होडीत टोपल्या चढवत होत्या. ते बघता बघता तू एकदम तिकडचं, लंकेतल्या धक्क्याचं बोलायला लागलास. परतणाऱ्या जवानांचं सामान बोटीवर चढवून देणं हे तुझं काम. जकात चुकवायला कोण टीव्ही लपवायचा, कोण टेपरेकॉर्डर. अडवणार कोण? सगळेच जीव धोक्यात घालून आलेले! मग तू धक्क्यावर घोंगडी अंथरायचास आणि स्वतः कुठेच निघालेला नसतानाही स्वतःची पेटी तिच्यावर उलटी करायचास.

"आधी माझी पेटी. माझे फाटके बनियन सगळ्यांनी बघितले ना ताई, की साहेबसुद्धा निमूट आपली उघडतो!"

किती हसलो आम्ही! तू मात्र हसता हसता थांबलास.

"एकच पेटी उघडता येत नाही. मेलेल्या जवानाची. तिला सगळे सॅल्यूट करतात. मी चोर असतो तर माल त्याच पेटीतून पाठवला असता. एकदा म्हटलं, तीही उघडू या. तेव्हापासून पोरं माझ्याशी धड बोलत नाहीत."

आई केवढी भडकली! "मेल्या माणसाक तरी सोड रे झिला!"

तू गप्प झालास. होडी आली, आपण बसलो, आणि तो विषय तिथेच पाण्यात गेला. असं मला वाटलं.

परवा एक माणूस आला. सफारी सूट, हातात हार. तुझ्या फोटोला हार घातला, चहा नको म्हणाला, आणि पहिलाच प्रश्न, "पेटी उघडली का, ताई?"

मी नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा सैल झाला. "आमच्या साहेबांचं थोडं सामान घाईत ह्यात भरलं गेलंय. किरकोळच आहे. मी पेटी घेऊन जातो, रिकामी करून परत आणून देतो."

"कोण साहेब? आणि कसलं सामान?"

"ते सोडा ना."

"मग इथेच उघडू या, तुमच्यासमोर."

त्याने पेटीवरच्या नावावर बोट ठेवलं. "उघडाल तर निघेल ते ह्या नावावर जाईल, ताई. आणि अरुण काय, आमच्यातलाच होता. नीट विचार करा. मी परत येतो."

आमच्यातलाच! अरू, हा शब्द त्या माणसाबरोबर गेला नाही. तो घरात राहिला. पोळ्या लाटताना, वर्गात फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागून ऐकू येतो. तुझी पंधरा वर्षांची नोकरी एका पारड्यात, आणि एका अनोळखी माणसाचं वाक्य दुसऱ्यात. आणि माझं पारडं हललं! मला तुझी खात्री का नाही? कुणाचीच असू नये, असं तूच शिकवलंस म्हणून? की मीच कोत्या मनाची आहे?

तुझी सुनंदा म्हणते, "वन्सं, देऊन टाका ना. हे परत येणार आहेत का? उद्या माझ्या लेकीला शाळेत कोणी चोराची पोर म्हटलं तर?" तिचं काय चुकलं रे?

काल तेरावं झालं. माणसं पांगल्यावर दुपारी आई पेटीवर डोकं टेकून बसली होती. एकदम दचकली. "आत कायतरी चालता गो, बाय."

मी कान लावला. पत्रा गार होता. आतून टिकटिक येत होती. एका घड्याळाची नाही, कितीतरी घड्याळांची, सेलवर चालणारी असणार. एकमेकांत मिसळलेली, पावसाळ्यातल्या किड्यांसारखी. तुझ्याकडे तर बाबांचं चावीचं एकच घड्याळ होतं, आणि ते तुझ्या मनगटावर तुझ्याबरोबरच गेलं.

तीच पेटी, अरू. जिला सगळे सॅल्यूट करतात, ती. तुला माहीत होतं ना रे, की कधी तरी तुझीही अशीच वापरतील? मग त्या धक्क्यावर आईपुढे गप्प का बसलास? थोडं भांडायचं होतंस आमच्याशी!

आई पेटीपासून उठली. मग आत गेली आणि माळ्यावरची घोंगडी घेऊन आली. "सगळ्यांदेखत उघड तिका," एवढंच म्हणाली. सुनंदाने माझ्याकडे न बघता गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातली पेटीची दुसरी किल्ली सोडवून माझ्या हातावर ठेवली.

आज शाळेतून मी सैन्याच्या कचेरीत फोन केला. त्यांचा अधिकारी उद्या सकाळी येईल. शेजाऱ्यांनाही बोलावलं आहे. तो सफारीवाला आला तर त्यालाही खुर्ची देईन.

मला भीती वाटते, अरू. ती घड्याळं तुझी नाहीत हे मी कशी सिद्ध करणार? आणि तुझीच निघाली तर? पण तुझ्या घोंगडीच्या नियमात 'माझी सोडून' असं कुठे होतं?

तेव्हा वचन देते. जे निघेल ते झाकणार नाही. जे निघेल त्याच्याकडे पाठ फिरवणार नाही, तुझ्याकडेही नाही. कुलूप काढायच्या आधी गॅलरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणेन, "आधी माझ्या भावाची पेटी." आणि मग ज्या साहेबांचं नाव कोणी घेत नाही, त्यांच्या पेटीची पाळी आली का, हे विचारत राहीन.

आत्ता लिहितानाही ती टिकटिक ऐकू येते आहे. उद्यापर्यंतच, हं.

तुझी,
ताई