फळीवरचा सातवा जबडा

३ मार्च
पोचलो एकदाचा परदेशात! कवळ्या बनवायचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, आठ टेबलं, प्रत्येकावर दिवा. पंधरा वर्षं हेच काम करतोय, पण इतक्या धारदार कानशी कधी पाहिल्या नव्हत्या. बाकी सगळे इथलेच, परका मी एकटा. तीन महिने टिकलो की नोकरी पक्की, मग बायको आणि चिमी इकडे येतील. तोवर चिमीला रोज संध्याकाळी फोनवर गोष्ट सांगायची, असं कबूल करून आलोय.
नव्या माणसाच्या जबड्याचा ठसा घ्यायची इथं पद्धत आहे. साहेबांनी स्वतः घेतला. मीही हौसेनं आ केला. माझा प्लॅस्टरचा साचा फळीवर ठेवला, शेजारी आणखी सहा. कोणाचे, विचारलं. तुझ्यासारख्यांचे, म्हणाले.

९ मार्च
माझ्या बोलण्याची रोज नक्कल होते. पॉलिशवाला माझा एकेक शब्द तोंडात घोळवतो आणि सगळे दात काढतात. दातांचाच धंदा, काढणारच! मी डबा उघडला की हे खिडक्या उघडतात. साहेब म्हणाले, थट्टा आहे, मनावर घेऊ नकोस. नाही घेत. अडला हरी गाढवाचे पाय धरी. चिमी मात्र आजची गोष्ट ऐकून पोट धरधरून हसली.
फळीवर इथल्या कोणाचाच साचा नाही, हे आज लक्षात आलं.

१७ मार्च
माझा एक शब्द चुकला. पॉलिशवाल्यानं माझा साचा उचलला आणि पुढच्या दातावर दोनदा कानस ओढली. सगळे हसले. मीही हसलो.
घरी आरशात पाहिलं. माझा पुढचा दात तिरका झिजलाय. दुखत नाही, पण जिभेला धार लागते. गोष्ट सांगताना चिमीनं तीनदा 'काय?' विचारलं.

२५ मार्च
साहेबांकडे तक्रार केली. म्हणाले, आधीच्या सहाही जणांनी काहीतरी तक्रार केली होती, पण त्यांचं एक अक्षर समजलं नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.
ते सहा साचे जवळून पाहिले. सगळे दात घासून सपाट. जिभेच्या जागी प्लॅस्टर भरलेलं. मला भीती वाटतेय.

२ एप्रिल
जेवणाच्या सुट्टीत साचा उचलायला गेलो. फळीला काच बसवलीय, कुलूपही. नोकरी सोडली तर बायको आणि चिमी तिकडेच राहणार. शिवाय साचा यांच्याच हाती— आज चार दात घासले.

६ एप्रिल
गोष्ट सुरू केली. चिमीनं फोन आईकडे दिला. म्हणाली, हे बाबा नाहीत. मी बायकोला लाडाच्या नावानं हाक मारली— तोंडातून नुसती शिट्टी. तिनं घाबरून फोन ठेवला. मी खूप रडलो.

९ एप्रिल
साच्यात प्लॅस्टर ओतलं. सगळ्यांदेखत. टाळ्या. दुपारपर्यंत माझी जीभ घट्ट— हलतच नाही.
साहेब खूश. म्हणाले, आता कसा शहाण्यासारखा गप्प बसतोस. तीन महिन्यांआधीच नोकरी पक्की केली. सही नको म्हणाले, उजव्या पंजाचा ठसा द्यायचा, ओल्या लगद्यात. काय होणार ते कळत होतं. चिमीसाठी दाबला हात.
पंजाही फळीवर ठेवलाय. चिमीला बोलावता येईल आता. पण सांगू कसं—

१० एप्रिल
नवी बाई आलीय. आपल्याकडचीच. मला बघून जीव भांड्यात पडला तिचा, दादा म्हणाली. तिचा ठसा मी घ्यायचा, साहेबांचा हुकूम. लगदा कालवून तयार. ती खुर्चीत बसून हसतेय—
हे पान फाडून तिला देणार. लिहिता तरी येतंय अजून.
साहेब विचारतायत, काय लिहितोस. पॉलिशवाल्यानं काच उघडली. पंजा घेतला. कानस—
बोटं— लवकर—
ताई, पळ. तोंड उघडू न