वाटेवरचे राळे

११ जानेवारी १९८७

साफ खोटं! तो सुळेवाला त्यांचा नाहीच. आपला आहे!

काल चाळीतल्या पोरांनी भाड्याने व्हिडिओ आणला. अख्ख्या मुलुंडात हल्ली हेच खूळ. चौकात टीव्ही मांडून पिक्चर लावला – रात्री थडग्यातून उठून माणसांचं रक्त पिणारा गोरा व्हॅम्पायर. पोरं नुसती चेकाळली. मंडळाचा सेक्रेटरी नंदकिशोर मला म्हणतो, "काका, भुतं पण फॉरेनचीच झकास. आपली नुसती पिंपळावर बसून असतात."

डोकंच फिरलं. अरे गाढवा, मढ्यात शिरून बोलणारा वेताळ कुणाचा? मांस खाणारे पिशाच वेदात आहेत! आपल्याकडचे भटके तांडे हिंडत हिंडत युरोपात गेले, त्यांच्या गाठोड्यातून ही भुतं तिकडे गेली नसतील कशावरून? तो हसला. म्हणाला, मग सव्वीस जानेवारीला व्याख्यानच द्या की. देतो म्हटलं. सातवी पास असलो म्हणून काय झालं, गिरणीतल्या लोकांना पेपर मीच वाचून दाखवायचो.

१७ जानेवारी

सापडलं!

वाचनालयात जाडजूड इंग्रजी पुस्तक, शेजारी शब्दकोश, डोळ्यांचं पार भजं झालं. पण सापडलं. तिकडच्या खेड्यांत मेलेला उठू नये म्हणून थडग्यात खसखस टाकत. तो बसायचा दाणे मोजत. मोजून होईतो उजाडायचं.

आणि आपल्याकडे? बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होते म्हणतात. पोरापाशी परत येते, घरातल्यांचं रक्त शोषते. म्हणून तिच्या तिरडीमागे घरापासून मसणापर्यंत राळे टाकत जायचं – ते बारीक पिवळं धान्य. दाणे मोजल्याशिवाय तिला घरात शिरता येत नाही. वर उंबरठ्याला खिळे ठोकायचे. शांताक्काची – माझ्या थोरल्या बहिणीची – लेक वसुधा बाळंतपणात गेली, तेव्हा गावी मी डोळ्यांनी पाहिलंय. ते खिळे अजून आहेत. यापेक्षा पुरावा काय हवा!

अनुपमा चहा घेऊन आली. सूनबाईला सगळं वाचून दाखवलं. तिने कप ठेवला आणि आत गेली. सातवा महिना, थकत असेल बिचारी.

२६ जानेवारी

झेंडावंदन, मग मी. विषय – 'रक्तपिपासू भूत मूळचे भारतीय'. जागा पुरली नाही, जिन्यावर माणसं!

वेताळ, पिशाच, सगळं झालं. मग राळे. डोक्यावरून उपरणं घेतलं, वाकलो, बाईच्या आवाजात मोजायला लागलो. एक… दोन… तीन… फूऽऽ, वारा आला! पुन्हा एक… दोन… लोक हसून लोळायचे बाकी राहिले. म्हटलं, गोष्ट नव्हे, माझ्या सख्ख्या बहिणीच्या उंबरठ्याला खिळे आहेत, येऊन बघा. टाळ्या! नंदकिशोरने शाल-श्रीफळ दिलं. "काका, मानलं. भूत आपलंच."

अनुपमा पुढच्या रांगेत होती. मोजणं चालू असताना उठून गेली. उकडलं असेल.

२७ जानेवारी

जानेवारीत उकडतं होय रे म्हाताऱ्या!

सकाळी मुलगा जयवंत माझ्यासमोर येऊन बसला. वर न बघता म्हणाला, "बाबा, अनुपमाची आई तापाने नव्हती गेली. दुसऱ्या बाळंतपणात गेली."

लग्न ठरताना तिच्या माहेरच्यांनी तापाने म्हणून सांगितलं होतं. खरं कसं सांगतील? अळवंतिणीची पोर कुणी सून करून घेतली असती? मी घेतली असती? – लिहायला हात धजत नाही.

त्या लेकराच्या आईची नक्कल करून मी शाल घेतली. आणि वसुधा? माझी भाची. माझ्या खांद्यावर बसून जत्रेला गेलेली पोर. तिलाही भूत करून उभी केली, कशासाठी, तर गोऱ्यांपेक्षा आपण जुने म्हणून. शाल ट्रंकेत तळाशी टाकली.

२८ जानेवारी

तिने नेहमीसारखा चहा दिला. साखर बरोबर होती. त्याचंच जास्त लागलं.

१ फेब्रुवारी

जयवंत कामावर गेल्यावर तिच्यापुढे जाऊन बसलो. मेथी निवडत होती. म्हटलं, पोरी, चुकलो. मीही जुडी ओढून निवडायला लागलो.

जुडी अर्धी झाल्यावर म्हणाली, "तुम्ही काही खोटं नाही सांगितलंत, बाबा. फक्त ती कुणाकडे यायला निघालेली असते, ते राहिलं."

मग हळूहळू सांगत गेली. ती तेव्हा पहिलीत होती. मोठ्यांनी सांगितलं, आई आता दाणे मोजत बसेल, घरात येणार नाही. तर ही शाळेत जायच्या निमित्ताने त्या वाटेवर जाऊन राळे वेचायची. फ्रॉकच्या ओच्यात. दाणे संपले की आई येईल. चिमण्या टिपायच्या तेव्हा हिला बरं वाटायचं, तेवढीच मदत. आजीने पकडलं आणि मारलं. तरी चिमूटभर लपवून ठेवलेले.

"रोज वाट बघायचे," म्हणाली. "ती भूत असली तरी मला चाललं असतं."

मी काड्याच पातेल्यात टाकत होतो. तिने गुपचूप त्या काढून टाकल्या.

१५ फेब्रुवारी

नंदकिशोर आला. भांडुपच्या मंडळाला तेच व्याख्यान हवंय. नको म्हटलं. "काका, राष्ट्राचा अभिमान आहे हा, अंग काय चोरता?" घसा बसलाय म्हणालो. खरं सांगायची हिंमत झाली नाही. हीही एक लाज.

२ मार्च

शांताक्का गावाहून आली. अनुपमाला आई नाही, बाळंतपण इथेच, म्हणून मीच बोलावलेलं. बोचक्यातून डिंक, खारका, कुळथाचं पीठ निघालं. तळाशी एक पुरचुंडी. राळे! आणि खिळे!

मी ओरडलोच. ती शांतपणे म्हणाली, "तूच सांगलंस मां सभेत? जयवंतान पत्रात लिवलेला. मी इसारलंय होतंय. म्हटला, शिकलेलो भाव सांगता तर खराच आसतला."

बरं, तिच्या वसुधाचं नाव मी सभेत काढलं, हे जयवंतने तिला लिहिलं नसावं. मीही सांगितलं नाही.

अनुपमा दारात उभी होती. तिने पाहिलं.

९ मार्च

सकाळी कळा सुरू झाल्या. जयवंत रिक्षा आणायला धावला. अनुपमाने मला बाजूला बोलावलं आणि हातात रुमालाची गाठ दिली.

"आत्यांनी राळे आणलेत, ते नको. टाकायचीच वेळ आली तर हे टाका." ओठ पांढरे पडलेले. "थोडेच आहेत, बाबा. लवकर मोजून होतील."

रिक्षा गेली. मी तसाच उभा.

१० मार्च

मुलगी झाली. पण अनुपमाचं रक्त थांबत नाही. बाटल्या हव्यात. माझं घेईनात, वय झालं म्हणे. नंदकिशोर व्हिडिओवाली सगळी पोरं घेऊन आला, बाह्या सरसावून ओळीने उभी. सुईला सगळ्यात जास्त तोच घाबरला, तरी दिलं.

दुपारी कपडे न्यायला घरी आलो. शांताक्का उंबरठ्याशी बसून खिळे ठोकत होती. शेवटचा राहिलेला. डोळ्यांना धार.

मी पक्कड आणली. बसलो आणि उपटायला लागलो. तिने माझा हात धरला.

"अरे, ती परत इली तर?"

"इली तर येंदे. घर तिचा आसा."

तिने हात सोडला. मग तिला सगळं सांगितलं – वसुधाचं नाव घेऊन मी टाळ्या मिळवल्या ते. ती निघालेले खिळे एकेक करून ओच्यात घेत राहिली.

१९ मार्च

अनुपमा घरी आली. अजून धरून चालवावी लागते. उंबरठ्यावर थांबली. खिळ्यांची भोकं दिसली तिला. पायाच्या अंगठ्याने चाचपली, आणि लेकीला घेऊन आत आली. मी रुमालाची गाठ होती तशी परत दिली. तिने ती पाळण्याच्या दोरीला बांधली. शांताक्काने आणलेल्या राळ्यांचा गुरगुट्या भात केला. सगळ्यांनी खाल्ला.

२९ मार्च

बारसं करून शांताक्का आज गावी गेली. वसुधाच्या वेळचे खिळे अजून तिच्या उंबरठ्यात आहेत. जयवंत एसटीत बसवून आला.

संध्याकाळी खिडकीची कडी बसवायला पक्कड शोधली. घरभर शोधली. अनुपमा म्हणाली, "आत्यांनी बोचक्यात घातली. मी पाहिलं. विचारलं नाही."