खूप पळालेली गाडी

२ फेब्रुवारी, रविवार

आज गाडी घरी आली! पुणं सोडून मी जव्हारला गेस्ट हाऊस चालवायला घेतलं, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी मला वेड्यात काढलं होतं. आता बघा म्हणावं, रंजनाबाई जर्मन गाडीतून हिंडणार. काळी, लांबलचक, आत मऊ चामड्याच्या सीटा. शिरपामाळच्या रस्त्यावर आमचं अंगण ते केवढं, गाडी आत घेतली आणि अंगणच संपलं. आईने हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि मागच्या सीटवर बसून म्हणाली, की अगं, हा तर पलंगच आहे.

खरं तर गाडी तिच्यासाठीच घेतली. तिचं डायलिसिस नाशिकला असतं, मंगळवारी आणि शुक्रवारी. एसटीने तिच्या पाठीचे हाल होतात आणि जीपमध्ये तिला कोंबायचा माझा धीर होत नाही. एक फेरी चुकली की पाय सुजतात, त्यापुढे चुकली तर छातीत पाणी भरेल, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय. ते आईला माहीत नाही. तिला फक्त गाडी आवडलीय.

हरेश नावाच्या जुन्या गाड्यांच्या दलालाने ती मिळवून दिली. माणूस गोडबोल्या, पण गाडी खूप पळालीय हे त्याने लपवलं नाही. मीटरचा आकडा बघून मी विचारलं, ही काय काशी-रामेश्वर करून आली का? तर म्हणाला, मॅडम, शेठ लोकांची गाडी, सगळी हायवेला पळालेली, इंजिनाला मरण नाही. आधीचा मालक खाडीकडचा कुणी वीटभट्टीवाला. मेकॅनिकनेही मान डोलावली. मग मी कशाला नाक मुरडू?

४ फेब्रुवारी, मंगळवार

झकास प्रवास झाला. जव्हार सुटलं की मोखाड्याकडे जाताना उतार लागतो आणि नदीच्या पुलाआधी एक मोठं वळण येतं. तिथे पळस नुसता फुललाय. आई जाताना गाणी म्हणत होती आणि येताना घोरत होती.

इथली एक रीत मला नवी आहे. रस्त्यात कुणीही हात केला की गाडी थांबते, मग ती जीप असो, टेम्पो असो, नाहीतर सरपंचाची बोलेरो. आतले मुकाट सरकतात, नवा माणूस बसतो आणि त्याला त्याच्या पाड्याच्या वाटेपर्यंत पोचवतात. अध्येमध्ये उतरवून देणं इथे फार वाईट समजतात. आई या रीतीवर जाम खूश. मी नाही. माझी गाडी आहे, धर्मशाळा नव्हे! येताना वळणावर एका बाईने हात केला तर मी थांबले नाही. सीट रिकामी होती की गं, असं म्हणून आईने संध्याकाळपर्यंत अबोला धरला.

११ फेब्रुवारी, मंगळवार

गाडीत खोड निघाली. मागे बसणाऱ्याने पट्टा लावला नाही की समोर त्या सीटची लाल खूण पेटते आणि टिंग टिंग वाजत राहतं. आई उजवीकडे बसते, पट्टा लावून. आज परत येताना वळणावर मधल्या सीटची खूण पेटली. मला वाटलं आईने पर्स ठेवली असेल, पण पर्स तिच्या मांडीवर. जव्हार येईस्तोवर टिंग टिंग, डोकं उठलं नुसतं. हरेशला फोन केला तर म्हणाला, सेन्सर गेला असेल, पळालेल्या गाडीत असं व्हायचंच.

घरी येऊन मॅट झटकल्या तर लाल भुकटी निघाली, विटांची. भट्टीवाल्याची गाडी, निघणारच.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आता मागे दोन खुणा पेटतात. जाताना एकही नाही, फक्त येताना, त्या वळणापासून पुढे. मॅट दर वेळी झटकते आणि दर वेळी लाल भुकटी.

आज आरशात पाहिलं तर एवढ्या मोठ्या सीटवर आई अंग चोरून दाराला चिकटली होती. अशी काय बसलीस म्हटलं, तर म्हणाली, माणसं आहेत ना. मग तीच दचकली. झोपेत बरळले असेन, म्हणाली.

तिचे डोळे टक्क उघडे होते. मला भीती वाटली, ती अजून जात नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

कालपासून गेस्ट हाऊसच्या स्वयंपाकाला सरू येऊ लागली. साखरशेतची आहे, माझ्याच वयाची. आज गाडी धुवायला बादली घेऊन गेली आणि मागच्या दाराजवळ मटकन खाली बसली. त्या दाराला एक पोचा आहे. तो भट्टीवर ट्रॅक्टर घासून पडला तेव्हा ती तिथेच होती म्हणे.

मग तिने सगळं सांगितलं. मागच्या शिमग्याच्या आधी तिचा नवरा चंद्रा भट्टीवर आजारी पडला. तिथे माणूस मेला तर पोलीस येतात. म्हणून शेठ आजारी माणसाला आपल्या गाडीत घालून गावी धाडायचा आणि मजूर त्याला दुवा द्यायचे. सरूला सोबत जाऊ दिलं नाही, तिच्या अंगावर उचल होती, आगाऊ घेतलेले पैसे कामातून फिटायचे होते. आणि मरायला टेकलेला माणूस पाड्यावर नेला तर लोक ठोकतील, म्हणून ड्रायव्हर नदीच्या वळणावरच माणसाला उतरवायचा, हे तिला मागाहून कळलं. तुझं गाव आलं, म्हणायचा. चंद्रा घरी पोचलाच नाही. त्याच्यासारखे आणखी कितीतरी. गाडी इतकी पळालीय ती या खेपांनी.

सरू रडली नाही. म्हणाली, "बाय, शिमग्याला समदी घरा येतात. माझा मानूस पन येल. तू फकस्त वलनावर गाडी थांबव."

मी तिच्यावर खेकसले. तू माझ्या घरात असलं काही बोलायचं नाही, म्हटलं. मागे वळले तर दारात आई उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आईने आज चालत्या गाडीचं दार उघडलं. वळणावर. मी कच्चकन ब्रेक मारला. ती बाहेर वाकून म्हणाली, "चंद्रा, चल बाबा. ये, बस." आणि सरकली.

गाडी खाली दबली. दार लागलं, ते आईने लावलं नाही. मागच्या दोन्ही खुणा पेटल्या आणि मागे जागाच उरली नाही म्हणून की काय, माझ्या शेजारच्या सीटचीही. माझ्या शेजारची! ओल्या राखेचा वास. मी मान वळवली नाही. साखरशेतच्या फाट्यापर्यंत गाडी कशी आणली ते माझं मला ठाऊक.

सरू फाट्यावर उभी होती. तिने माझ्या शेजारचं दार उघडलं, आत हात घातला आणि कुणाला तरी आधार देत उतरवून घेतलं. शेजारची खूण विझली. ती हळूहळू चालत गेली, एक खांदा झुकवून. तिच्या बाजूला कुणीही दिसत नव्हतं.

मागच्या दोन्ही खुणा तशाच होत्या.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सरू कामावर आली नाही. निरोप आला, तो जेवला, पण अंग गरम होत नाही. बाकीच्यांना पण पोचव, बाय.

हरेश फोन उचलत नाही. दुसरी गाडी मिळत नाही, सगळ्या जीपा शिमग्याची माणसं आणायला भट्ट्यांवर गेल्यात. आईला घेऊन हिच्यातूनच गेले आणि आले. येताना आईच्या साडीवर लाल हात उमटले. लहान हात. आई म्हणते, पोर आहे गं, चंदना नाव तिचं, दाभोशाची. आईला त्यांची नावं कळायला लागलीत.

४ मार्च, मंगळवार

ठरवलं, पोचवून टाकते एकेकाला. येताना जव्हार ओलांडून दाभोशाला गेले, भर दुपारी. चंदनाच्या घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सगळेच कामावर गेलेत, अजून आले नाहीत. म्हणजे हात धरायला कुणी नाही. मीच दार उघडलं आणि हात जोडून म्हटलं, उतर बाई, तुझं घर आलं.

खूण विझली.

मी गाडी चालू केली. खूण पेटली.

आईने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं केलं. तिच्या हाताला लाल लागलं. मला ओरडावंसं वाटलं, पण आई आधीच इतकी थकलेली.

७ मार्च, शुक्रवार

आज जातानाही. वळणावर सगळ्या खुणा एकदम. गाडी ओझ्याने रेंगाळत होती, उशिरा पोचलो, मशीन दुसऱ्याला दिलेलं. आईला कमी वेळ मिळाला. डॉक्टर मला रागावले. काय सांगू त्यांना?

आल्यापासून गाडी अंगणात बंद उभी आहे. किल्ली माझ्या हातात. आतून टिंग टिंग ऐकू येतंय.

११ मार्च, मंगळवार

गेले नाही. नाही झालं माझ्याने. काचेवर आतून वाफ धरली होती.

जीप नाही. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या खेपेवर. एकाने जीप आणायचं कबूल केलं, आलाच नाही. आईचे पाय सुजलेत. बोट दाबलं की खड्डा तसाच राहतो. ती मलाच समजावते, की घाबरू नकोस.

१२ मार्च

श्वास लागतोय. उशा लावून बसवलं. ॲम्ब्युलन्स उद्या म्हणतात, उद्या होळी, कोण येतंय —

ती खिडकीतून गाडीकडे बघून मान हलवते. कुणाला उत्तर देते, विचारलं नाही.

१३ मार्च, होळी, सकाळ

ओठ निळे पडलेत. कुणी आलं नाही. हिच्यातूनच नेते. काहीही होवो. थांबणार नाही, बघणार नाही —

दुपार. वळणावर.

गाडी थांबली. ब्रेक मी दाबला नाही.

सारखं तेच. चालू होते, पुढे जाते, पूल यायला हवा तर पुन्हा हेच वळण. पूल येतच नाही. किती वेळा — हाच पळस, हाच दगड. गाडी नाशिक विसरली. इतका आजारी माणूस आत आहे ना, तिला एवढंच ठाऊक, इथे उतरवायचं —

फोन लागत नाही. लिहितेय, कुणाला तरी कळू दे. माझी आई आजारी आहे, तिला दवाखान्यात न्यायचंय, बाकी काही नको मला —

कडेने उभे आहेत. उन्हात. आता दिसतात.

आईचं दार उघडलं. ती स्वतःच पट्टा सोडतेय. म्हणते, "सोड गं रंजू, माझ्यासाठी थांबलीत ती माणसं." नाही आई. नाशिकला जायचंय. मशीन रिकामं ठेवलंय तुझ्यासाठी, मी फोन केलाय, आई, खोटं नाही सांगत —

टिंग टिंग थांबलं. सगळ्या खुणा विझल्या. आईची पण.

पदर हातात आहे माझ्या. घट्ट धरलाय, डाव्या हाताने. सोडणार नाही. पलीकडून खूप जण मिळून ओढ