बाजूला ठेवलेला मलिदा

रविवार, १२ फेब्रुवारी २००६

आज संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी, सिनेगॉगच्या हॉलमध्ये, चाळीसेक माणसांदेखत, शर्लीने माझी मलिद्याची थाळी टेबलावरून उचलली आणि आत किचनमध्ये नेली. घड्याळ समोरच होतं. मी पाहिलं.

झाडांचं नवं वर्ष, आमचा ज्यूंचा सण. प्रत्येकीने फळांचं काहीतरी आणायचं होतं. मी सकाळपासून खपत होते — पोहे भिजवले, नारळ खवला, वेलची कुटली, बदाम सोलले. वर संत्री आणि खजूर, दोन्ही खास इस्राएलहून आलेले. दारातच मोठ्याने सांगितलं मी, "फळं इस्राएलची आहेत हं!" शर्ली किचन कमिटीची मुख्य. ती म्हणाली, "ओ." नुसतं ओ! मग दात न दाखवता हसली. आणि थाळी उचलली.

मला वाटलं, चमचे घालायला नेली असेल. बसले वाट बघत. केक फिरला, अंजीर फिरले, कोणीतरी केलेल्या दगडासारख्या वड्या फिरल्या — त्यासुद्धा लोकांनी खाल्ल्या! माझी थाळी नाही. शेवटी आत जाऊन पाहिलं. फ्रीजच्या डोक्यावर, पेपर टॉवेलच्या गठ्ठ्याशेजारी. वर फॉइल, चारी बाजूंनी घट्ट दाबलेलं. एक पोहा कोणी उचललेला नाही.

एलियाहू हान्नबीच्या, आमच्या प्रेषिताच्या, नावाने केलेला मलिदा! कोकणात आमचे बेने इस्राएल तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत होते, तेव्हा या लोकांचं अटलांटा होतं तरी का?

थाळी तिथेच टाकून आले. माझ्या लग्नातली पितळी थाळी. राहू दे तिथेच.

सोमवार, १३ फेब्रुवारी

आज अलिबागजवळ खंडाळ्याला उरूस. बसेस भरून माणसं आली असतील. खडकावर एलियाहूच्या रथाच्या चाकांची खूण आहे, तिथे सगळे दाटीवाटीने उभे राहतात आणि कोणाच्याही हातून मलिदा घेतात. हात कोणाचा, हे कोण बघतो!

इथे मी आणि फ्रीजची घरघर. उरलेलं एक संत्रं सोललं. सॅमच्या बशीत दोन फोडी ठेवल्या. नवरा जाऊन दोन वर्षं होतील. तरी रोज ठेवते आणि दुसऱ्या दिवशी फेकते. कोणाला सांगत नाही.

बुधवार, १५ फेब्रुवारी

संध्या दुकानात घेऊन गेली. शेजारच्या टाउनहाऊसमधली, पुण्याची, कॉम्प्युटरवाली. मला गाडी येत नाही, आणि अटलांटाच्या या अल्फारेटा उपनगरात गाडीशिवाय माणूस म्हणजे कुरिअरचं पार्सल — कोणी उचलून नेईपर्यंत दारात पडून.

तिला थाळीचं सांगितलं.

"मावशी, परत का नाही आणलीत? मी सगळा संपवला असता यार!"

"तुझ्यासाठी नव्हता केला."

"पण त्यांचा प्रॉब्लेम काय होता?"

"तेच तर! कोणी काही बोललंच नाही."

स्टिअरिंगवर टिचक्या मारत म्हणाली, "म्हणजे तुमच्यातही सोवळं असतं! मला वाटलं, माझ्या आजेसासूबाईंचं पेटंट आहे ते."

मग दुकानात संत्र्यांपाशी तिने पुन्हा डिवचलं. "त्या दिवशी मी म्हटलं होतं ना, फ्लोरिडाची घ्या? शेजारच्या स्टेटमधली, फ्रेश. तुम्हाला समुद्रापलीकडचीच हवी."

"देवाच्या घरची होती ती," मी म्हटलं.

"देवाच्या घरी रिटर्न पॉलिसी असते का, विचारा."

हसू आलं. दाबलं.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

कोणाचाही फोन नाही.

रविवार, १९ फेब्रुवारी

काल शाबाथ — त्या दिवशी लिहायचं नाही, गाडीत बसायचं नाही — म्हणून आज लिहिते. नेहमीसारखी चालत गेले सिनेगॉगला — साडी, वर कोट, खाली सॅमचे मोठे मोजे आणि कॅनव्हासचे बूट. या रस्त्यावर माझ्याशिवाय कोणी चालत नाही. एक गाडी थांबली, बाईने काच खाली केली — "मॅम, आर यू ओके?" दर शनिवारी कोणीतरी विचारतंच. सगळ्या आठवड्यात मी बरी आहे का, हे विचारणारी एवढीच माणसं.

प्रार्थना संपल्यावर मी मुद्दाम दारात उभी राहिले. शर्ली मला बघून वळली आणि मागच्या दाराने गेली. मागच्या दाराने! कचऱ्याचे डबे असतात तिकडे.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट सांगायच्या, तोंडी तक्रार म्हणजे कुरकुर. पुढे सगळी नोकरी ट्रंक टेलिफोनवर गेली, लोकांची बोलणी जोडून देण्यात. तोंडी शब्दाचं काय होतं ते मला ठाऊक आहे. तेव्हा आज कमिटीला पत्र लिहिलं, इंग्रजीत, सिस्टरांनी शिकवलेल्या तिरप्या अक्षरात. मागणी एकच — माझी थाळी का उचलली, याचं लेखी उत्तर १ मार्चपूर्वी मिळावं. शेवटी लिहिलं, ज्या समाजाला माझ्या हातचं चालत नाही, त्याच्या जमिनीत पडून राहण्याची मला हौस नाही. माझ्या नवऱ्याच्या शेजारची राखून ठेवलेली जागा दुसऱ्या कोणाला द्यावी.

वाचून पाहिलं. छान उतरलंय.

सॅम गेला तेव्हाही यांच्या कमिटीतल्या एकाने दफनाच्या आधी विचारलं होतं, "तुमच्याकडे काही कागद आहेत का — म्हणजे ज्यू असल्याचे?" असं झाडलं होतं त्याला मी! भर हॉलमध्ये. "तुझ्या आजोबांचे कागद घेऊन ये, मग माझे दाखवते." पुन्हा कोणाची छाती झाली नाही मला काही विचारायची.

मंगळवार, २१ फेब्रुवारी

आयझूचा फोन. देशाच्या दुसऱ्या टोकाहून, बॉथेलहून, गाडी चालवता चालवता. पोरगा नोकरीसाठी तिकडे गेला तेव्हापासून त्याचं एकच.

"मम्मी, इट्स अ पोटलक! लेट इट गो."

"तुझ्या बापासाठीही होता तो मलिदा."

"डॅडी इज नॉट... ओके. ओके. तू इकडे ये ना. किती वेळा सांगू? ते घर विकून टाकू. तिथे तुझं आहे कोण?"

दर वेळी मी म्हणते, तुझे वडील आहेत. आज म्हणाले नाही. म्हटलं, "बघ एजंट."

पलीकडे त्याने गाडी बाजूला घेऊन थांबवली.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

रबाय आला होता — सिनेगॉगचा धर्मगुरू. लाल दाढीचा तरुण मुलगा, खुर्चीच्या टोकावर बसतो. माझं पत्र खिशात. मी चहा दिला. घेतला. दोन चमचे साखर मागितली!

म्हणाला, "मिसेस झिराडकर, तुमच्या स्वयंपाकघराबद्दल कोणाला शंका नाही. प्रश्न संत्र्यांचा आहे."

इस्राएलच्या मातीत जे पिकतं, त्यातून आधी वाटे काढायचे — थोडं याजकाचं, मग जुन्या मंदिरातल्या लेवी सेवकांचा दशमांश, मग पुढचा. ते काढल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. तिथल्या बाजारात ते काढूनच माल विकतात. पण परदेशी पाठवलेल्या पेटीतून काढलंय की नाही, कोण सांगणार? म्हणून घरी आणल्यावर आपण काढायचं.

"आणि फ्लोरिडाची संत्री?"

"त्यांना काही लागत नाही. हा मान फक्त त्या भूमीचा."

म्हणजे मी कुठलीही आणली असती तर चाललं असतं! मुद्दाम मानाची आणली आणि तीच अडली. आणि वर दारातच दवंडी पिटली! संध्याला हे कधीही कळता कामा नये.

"आणि तो वाटा देता कोणाला?"

"आता कोणालाच नाही. मंदिर उरलं नाही, त्यामुळे घेणाराही नाही. थोडंसं काढायचं, दोनदा गुंडाळायचं आणि टाकून द्यायचं."

"घेणारा नाही, तरी काढायचं?"

"तरी काढायचं."

टेबलावर सॅमची बशी होती. सकाळची केळ्याची चकती तिच्यात. त्याने पाहिली असावी. काही बोलला नाही. बरा मुलगा आहे.

मग मी मुद्द्यावर आले. संशय माझ्यावर, की मालावर? तो म्हणाला, जुन्या गुरूंनी संशयाच्या मालावर पानंच्या पानं लिहिली आहेत. पण त्यातच एक सवलत आहे. ज्या माणसावर एरवी भरवसा नाही, त्याला शाबाथच्या दिवशी विचारलं, "वाटे काढले होते का?" आणि तो हो म्हणाला, तर त्या दिवशी त्याच्या शब्दावर खावं. शाबाथची भीती त्यालाही असते.

"पण विचारावं लागतं ना?" मी म्हटलं.

त्याने कप खाली ठेवला. "हो. विचारावं लागतं."

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

नव्हते काढले. मला माहीतच नव्हतं. आमचा नारळ नागावचा, पोहे पेणचे — आमच्याकडे कोणी कधी वाटे काढले?

पण विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं. विचारायला काय झालं होतं?

बुधवार, १ मार्च

मुदत संपली. लेखी उत्तर नाही. ऑफिसातल्या मुलीचा फोन आला — फोन! — की कमिटीची मीटिंग पुरीमचा सण झाल्यावर.

दुपारी घराची एजंट आली. च्युइंगगम चघळत सगळीकडे फिरली. म्हणाली, घर सुंदर आहे, पण मसाल्यांचे डबे आधी हलवा, घेणाऱ्यांना वास येतो. पुढच्या आठवड्यात पाटी लावणार.

संध्या लवकर सुटली, तिला म्हटलं कब्रस्तानात ने. गवत अजून तपकिरी. रिवाजाप्रमाणे सॅमच्या दगडावर एक खडा ठेवला. शेजारची जागा बघितली. काय बघायचं त्यात, गवतच. तरी बराच वेळ बघितली. सॅमला सांगायचं होतं, बॉथेलला चालले म्हणून. सांगितलं नाही.

परतताना संध्याने रेडिओ बंद केला. "मावशी, तुम्ही गेलात तर मला इथे मराठीत कोण रागावणार?"

"मंडळात शंभर काकू आहेत."

"त्या सगळ्या गोड बोलतात हो."

तिच्याकडे बघवलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हटलं, "सिग्नल हिरवा झालाय. चल."

रविवार, ५ मार्च

काल सिनेगॉगहून परत येत होते. मागून धापा टाकत कोणीतरी. शर्ली! टोपी हातात, केस विस्कटलेले. दोन गाड्या हळू झाल्या. आता वेड्या दोघी झाल्या, एवढंच.

माझ्या बरोबरीला आली आणि दम न घेता म्हणाली, "रिबेका, आज शाबाथ आहे. विचारते. ती संत्री, ते खजूर — वाटे काढले होतेस?"

रबायने सांगितलं असणार तिला.

हो म्हटलं असतं तर विषय संपत होता. माझा शब्द, शाबाथचा दिवस. ती गप्प बसली असती आणि कमिटीला माझी माफी मागावी लागली असती.

"नाही," मी म्हटलं. "मला माहीत नव्हतं."

ती रस्त्यातच थांबली. म्हणाली, "थँक यू." डोळे भरलेले. मग सगळं एकदम बोलत सुटली. थाळी तिच्या घरी आहे, फ्रीझरमध्ये. फेकवेना. वाटे तिने स्वतः काढले असते, त्याच संध्याकाळी, पाच मिनिटांचं काम — पण दुसऱ्याच्या वस्तूतून मालकाच्या परवानगीशिवाय काढता येत नाहीत. परवानगी मागायची म्हणजे आधी मला विचारायचं.

"मग विचारायचं होतं!"

"तुला?" ती म्हणाली. "तुझ्या नवऱ्याच्या दफनाच्या वेळी मी हॉलमध्ये होते, रिबेका. कागद विचारणारा माणूस माझा भाऊ. तो अजून तू दिसलीस की रस्ता ओलांडतो. आम्ही सगळेच तुला घाबरतो."

घाबरतात! मला! पाच फुटांच्या बाईला!

ती म्हणाली, "परवानगी देशील?" मी म्हटलं, विचार करून कळवते. आणि चालू लागले. वळणावर मागे पाहिलं तर ती तिथेच उभी, एक गाडी तिच्यापाशी थांबलेली. विचारत असतील, आर यू ओके.

घरी येऊन सॅमच्या बशीसमोर बसले. हा असता तर म्हणाला असता — रिबका, जरा हळू.

सोमवार, ६ मार्च

सकाळी आयझूला कळवलं, पाटी लावायची नाही. कारण विचारलं. दिलं नाही.

शर्लीच्या दारात टाकायला संध्याकडे चिठ्ठी दिली. नक्कल इथे ठेवते:

"परवानगी आहे. मात्र वाटे माझ्या टेबलावर, माझ्या देखत काढायचे. शाबाथला काढता येत नाहीत, तेव्हा शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत थाळी घेऊन यावे. गोठलेल्या पोह्यांची लापशी झाली असेल. मी ताजा मलिदा करीन, फ्लोरिडाची संत्री घालून. जेवायला थांबावे. भावालाही आणावे. मी चावत नाही. कबरीशेजारच्या जागेबद्दल मी लिहिलेले वाक्य रद्द समजावे. येणार की नाही आणि किती जण, ते लेखी कळवावे. मुदत: गुरुवार, ९ मार्च, संध्याकाळी पाच. फोन केल्यास उचलला जाणार नाही."