नूरला कुणीच विचारलं नव्हतं

प्रिय आणि हट्टी बाबा,

यंदा आपली टीम पहिल्या चारांत येईल का? सध्या मला रोज कुणी ना कुणी हे विचारतं, आणि मला उत्तर देता येत नाही. ‘तू त्यांची मुलगी, तुला कळत असणार,’ म्हणतात. जसं काही हॉकी रक्तातून येते! पंचाने शिट्टी कशासाठी वाजवली हे मला अजूनही निम्म्या वेळा शेजारच्याला विचारावं लागतं. पूर्वी तो शेजारचा माणूस तुम्ही होता.

आज लिहायला बसले त्याला कारण आहे. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत काल संपली. त्यात मी एक गोष्ट केली आहे. तुम्ही असतात तर ती केली नसतीत, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणूनच ती तुम्हाला माझ्या तोंडून कळावी. गुरदीप अंकलचं तुम्हाला ठाऊकच आहे, तिखटमीठ लावल्याशिवाय त्यांच्याकडून कुठलीच बातमी पुढे जात नाही.

हंगाम सुरू व्हायच्या आधीच तुम्ही गेलात. इतकी घाई काय होती हो? नवीन टर्फवरचा पहिला सामना तरी बघायचा होता!

इथे सिंगापुरात आपल्या क्लबात मुलींच्या टीममध्ये कुणाला घ्यायचं, कुणाला सोडायचं हे कोच, मॅनेजर आणि पाठीराख्यांमधले तिघं मिळून ठरवतात. ही पद्धत तुम्हीच भांडून पाडून घेतलेली. ‘रविवारी उन्हात ओरडतो आम्ही, मग आम्हाला मत का नाही?’ तुम्ही गेल्यावर त्या तिघांतले गुरदीप अंकल घरी आले, आईसमोर हात जोडून बसले आणि मला म्हणाले, “बेटा, हंगाम संपेपर्यंत बाबांच्या खुर्चीवर तू बस.” मी बसले. मला वाटलं, चहा प्यायचा आणि मान डोलवायची.

मग आपल्या वरच्या क्लबाचा निरोप आला. वरचा म्हणजे गुणतक्त्यात आपल्या बरोब्बर वर बसलेला. ते चौथे, आपण पाचवे, आणि प्लेऑफला जाणार पहिले चार. त्यांना नूर हवी होती. बदल्यात ते त्यांची एक स्ट्रायकर द्यायला तयार होते.

नूर! आपली गोलकीपर, तुमची भिंत! पेनल्टी कॉर्नर मिळाला तरी समोरच्या पोरी आधी आपल्या नूरकडे बघतात आणि मग एकमेकींकडे, असं तुम्ही लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी माणसांनासुद्धा सांगायचात.

त्या रविवारी वुडलँड्सच्या आपल्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, जो वाद झाला, तो तुम्ही चुकवलात याचं मला फार वाईट वाटतं.

“गोल मारे बिना कोई जीता है आज तक?” गुरदीप अंकलनी टेबलावर हात आपटला, शेजारच्याचं सूप हिंदकळलं. “शून्य-शून्य, शून्य-शून्य! मैं मैच देखने आता हूँ या सोने? स्ट्रायकर घ्या, नूरला जाऊ द्या.”

तिघांतल्या तिसऱ्या तान आंटी हौगांगहून तासभर प्रवास करून येतात, शाळेत शिकवत होत्या तेव्हाचा आवाज अजून तसाच आहे. त्या म्हणाल्या, “कीपर नसलेली टीम म्हणजे दार नसलेला फ्लॅट. कुणीही यावं, टीव्ही उचलून न्यावा.”

“आपल्या फ्लॅटमध्ये टीव्ही आहे कुठे, आंटी? पाचवे आहोत आपण!”

“नूरमुळे पाचवे. नाहीतर शेवटचे, लाह!” चिडल्या की आंटींच्या वाक्याला इथलं ‘लाह’ चिकटतंच.

आणि बाबा, दोघंही तुमचं नाव घेत होते. अंकल म्हणायचे, तुझे बाबा आक्रमक हॉकीवाले, खडकीच्या मातीत खेळलेले, ते स्ट्रायकरच घेतील. आंटी म्हणायच्या, तुझे बाबा ही भिंत कधीच विकणार नाहीत. तुम्ही एकाच वेळी दोन्ही बाजूंनी बोलत होता! जिवंतपणी तुम्हाला दुसऱ्याची बाजू ऐकूनसुद्धा घेता यायची नाही.

मी मात्र ‘भिंत’ या शब्दाशी अडकले. नूर कुणाला किती उपयोगाची, यावर तासभर बोलणं झालं होतं. तिला काय हवंय, हा विषय एकानेही काढला नव्हता. भिंतीला कोण विचारतं?

मी तिला निरोप पाठवला. ती नर्सिंगचा वर्ग संपवून बुओना व्हिस्टाला माझ्या लॅबजवळ आली. तुम्हाला आठवतं ना, ती मला ‘कक’ म्हणते, म्हणजे त्यांच्या मलायमध्ये ताई. समोर चॉकलेटी मायलोचा थंड ग्लास घेऊन बसली आणि इकडचं तिकडचं बोलत राहिली. शेवटी मी सरळ विचारलं, “नूर, तुला जायचंय का?”

तिने स्ट्रॉ चावून चपटा केला. “क्लब सोडायचा नाहीये, कक. गोल सोडायचाय.”

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. शाळेत ती सेंटर फॉरवर्ड होती. आपल्याकडे आली तीही फॉरवर्ड म्हणून. आपली जुनी कीपर लग्न करून ऑस्ट्रेलियाला गेली आणि तुम्ही नूरच्या पायाला पॅड बांधलेत. ‘दोनच सामने, नूर. नवी कीपर मिळेपर्यंत.’ आठवतं? नवी कीपर आपण शोधलीच नाही. कशाला शोधू? भिंत मिळाली होती! वरच्या क्लबाचा कोच तिचा शाळेतला कोच आहे. तो तिला पुढे खेळवणार आहे; इथे तिला गोलमधून कुणी हलवणार नाही, म्हणून क्लब सोडावा लागला तरी तिला जायचंय.

“मग बाबांना कधी सांगितलं का नाहीस?”

“तुझे बाबा, आमचे अंकल, इतके खूश असायचे. सामना संपला की माझ्या हेल्मेटवर टपली मारायचे. त्या माणसाला कसं सांगू?” मग म्हणाली, “आणि आता तर अजिबातच कॅनॉट, लाह. सगळे माझ्याकडे मीच अंकलचा फोटो असल्यासारखं बघतात. फोटो कसा फॉरवर्ड खेळणार?”

आम्ही दोघी हसलो आणि मग दोघीही रडलो. आजूबाजूचे लोक जेवायचं सोडून बघायला लागले.

“हे मी समितीत सांगू का?” मी विचारलं.

“सांग. पण अंकल चुकले, असं नको म्हणू.”

“मग काय म्हणू?”

“म्हण, मी बोलले नाही.”

बाबा, इथे मला तुमच्याशी भांडायचं आहे.

माझा बारावीचा निकाल लागला तेव्हा काकाने खडकीहून फोन केला होता. ‘पोरीला अकाउंट्सला घाल, लगेच नोकरी लागते, पदवीबिदवीच्या नादाला लागू नका.’ तुम्ही नुकतेच शिपयार्डमधून आला होतात, नखांत ग्रीस तसंच होतं. तुम्ही काकाला म्हणालात, ‘थांब, तिला विचारतो.’ आणि फोन तसाच हातात धरून मला विचारलंत, ‘प्राजू, तुला काय शिकायचंय गं?’

आपल्या घरात हा प्रश्न त्याआधी कुणालाच कुणी विचारला नव्हता. तुम्हालासुद्धा नाही. आजोबांनी तुमची स्टिक कपाटावर टाकली आणि तुम्हाला फिटरच्या कामाला लावलं. त्या एका प्रश्नामुळे मी घरातली पहिली पदवीधर झाले. सगळे म्हणतात, तुम्ही ओव्हरटाइम करून मला शिकवलंत. ते खरंच आहे. पण मला विचाराल तर तुम्ही मला विचारून शिकवलंत.

मग नूरला का नाही विचारलंत? तिच्यावर जीव होता म्हणून? ज्याच्यावर जीव असतो त्याला विचारायचं राहून जातं, हे मलाही समजतं. पण राहिलं ते राहिलंच ना, बाबा! तिने दर रविवारी पॅड बांधले, तुम्ही दर रविवारी टाळ्या वाजवल्यात, आणि तुमच्याशेजारी उभी राहून मीही वाजवल्या.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मला तरी कुठे विचारलं होतं त्यांनी, सिंगापूरला यायचं का म्हणून? एक दिवस म्हणाले, सामान बांध.”

“विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?”

“हो म्हणाले असते.” मग जुडी खाली ठेवून म्हणाली, “पण विचारायला हवं होतं.”

मंगळवारी समिती बसली. कोच आणि गुरदीप अंकल अदलाबदलीच्या बाजूने. मॅनेजर आणि तान आंटी विरुद्ध. सगळे माझ्याकडे वळले.

“बाबांच्या खुर्चीचं मत काय?” मॅनेजरने विचारलं.

मी म्हणाले, “ते मला माहीत आहे. बाबांनी नूरला सोडलं नसतं. माझं मत वेगळं आहे. तिला जाऊ द्या.”

“शाबास! अब गोल आएंगे!” अंकल उठूनच उभे राहिले.

“अंकल, मी गोलसाठी म्हणत नाहीये.” आणि मी नूरचं सगळं सांगितलं. ती बोलली नाही हे सांगितलं. आपण विचारलं नाही हेही सांगितलं. तुमचं नाव घेतलं, ‘चुकले’ हा शब्द वापरला नाही. तिला दिलेला शब्द पाळला, फार कष्टाने.

अंकल हळूहळू खाली बसले. तान आंटी म्हणाल्या, “इतकी वर्षं त्या मुलीला मी फिशबॉल खाऊ घातले. मला एका शब्दाने बोलली नाही.”

“आपण फिशबॉल दिले, आंटी. विचारलं नाही.”

“आणि त्यांच्याशी आपला सामना अजून बाकी आहे, ते कळतंय ना तुला? तिने आपल्यावरच गोल मारला तर? त्या गोलने आपण बाहेर गेलो तर?”

“तर तो चांगला मारलेला असू दे.”

आंटींना हे मुळीच आवडलं नाही. त्यांनी मत बदललं नाही. त्या तुमच्यासारख्याच आहेत, म्हणून मला त्यांचा राग येत नाही. मॅनेजर म्हणाला, “सह्या उद्या. एक रात्र विचार कर.” पाठीराख्यांच्या ग्रुपवर तर रात्रभर माझा उद्धार चालला होता. ‘शिकलेल्या मुलींना मॅचपेक्षा तत्त्वं मोठी,’ असंही कुणीतरी लिहिलं. हो, आहेत!

तरी मी विचार केला, बाबा. गंमत म्हणून नाही केलं हे. आपली यंदाच आलेली राखीव कीपर अजून कच्ची आहे, उंच चेंडू आला की डोळे मिटते. नूर गेल्यावर आपले चौथ्या जागेचे बेत बरेच ढिले पडतात, हे कोचनेही मान्य केलं. आणि पहिल्या चारांत येणं हे तुमचं स्वप्न होतं, क्लबाचं नंतर. ते मी माझ्या हाताने लांब ढकलत होते. पण एका मुलीला तिच्या मनाविरुद्ध उभं करून मिळवलेली चौथी जागा मी तुमच्या फोटोसमोर कशी नेऊन ठेवली असती?

सकाळी उठून आधी दोन फोन केले. तिकडून येणाऱ्या स्ट्रायकरला विचारलं, “तुला आमच्याकडे खरंच यायचंय?” ती म्हणाली, “बाकावर बसून कंटाळलेय, कधी येऊ?” मग आपल्या कच्च्या कीपरला विचारलं, “तुला गोलमध्ये उभं राहायला आवडतं, की कुणी उभं केलंय?” ती इतक्या जोरात ‘आवडतं!’ म्हणाली की मी फोन कानापासून लांब धरला. डोळे उघडे ठेवायचं शिकेल ती. मी रोज तिच्या मागे लागणार आहे.

तुम्हाला एक वचन देते. मी या समितीत आहे तोवर कुठल्याही खेळाडूवरचा वाद त्या खेळाडूला विचारल्याशिवाय सुरू होणार नाही. मग त्यापायी आपण पाचवे राहू किंवा सातवे. आणि दर रविवारी तुमच्या जागी उभी राहून घसा बसेपर्यंत आपल्याच टीमसाठी ओरडेन. नूरचा गोल झाला तर मात्र दोन टाळ्या तिच्या. तुम्हाला राग आला तर येऊ दे.

काल संध्याकाळी, मुदत संपायच्या आत, मी क्लबात गेले. नूरच्या अदलाबदलीच्या कागदावर पाठीराख्यांच्या तिसऱ्या रकान्यात सवयीने तुमचंच नाव छापलं होतं. मी ते एका रेघेने खोडलं, शेजारी माझं नाव लिहिलं आणि सही केली.

तुमच्याशी भांडून तुमचीच राहिलेली,
प्राजक्ता